नव्यात लग्नं जास्त निघतात

फळा

"तेवीस मे," तन्मय म्हणाला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याने बोट दाबून धरलं. काढलं तर तारीख उडून जाईल असं त्याला वाटत असावं.

प्रमिलाआत्यांनी कॅलेंडरकडे पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं समोरच्या फळ्याकडे. मंगल कार्यालय त्यांचं होतं, आणि त्या फळ्यावर मे महिन्यातल्या मुहूर्ताच्या तारखा लिहिलेल्या होत्या, प्रत्येकीपुढे खडूने एकेक आडनाव. तेविसापुढे काही नव्हतं.

"मोकळं आहे. धरा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फोनवर आचाऱ्याशी भांडू लागल्या. "अरे, मठ्ठा मागितलाय मी. हे तू पाणी पाठवलंयस."

"पण मुहूर्त पक्का आहे ना?" माझ्या बाबांनी विचारलं. विट्याहून ते आणि आई तेवढ्यासाठी आले होते.

"पक्का म्हंजे?" अण्णा खुर्चीत सरसावून बसले. "माझ्या प्रेसचं कॅलेंडर हाय ते, साहेब. दुपारी बारा सदतीस. छापून दिलाय."

अण्णा म्हणजे दत्ताअण्णा. कराडात शनिवार पेठेत त्यांचा छापखाना. लग्नपत्रिका, हँडबिलं आणि वर्षातून एकदा दिनदर्शिका. मी त्यांच्याकडे संगणकाचं काम बघायचे. तन्मयचं आणि माझं आधीच जमलेलं होतं. अण्णांनी ते दोन्ही घरांत 'स्थळ' म्हणून नेलं, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही आणि आम्हाला काही सांगावं लागलं नाही.

अडचण एकच होती. जून लागताच तन्मयला म्युनिकला नोकरीवर हजर व्हायचं होतं. लग्न त्याआधी झालं तर मी त्याच्या मागोमाग जाणार. नाही झालं, तर विट्यातल्या हायस्कूलचे एक सर तयार होते. "गेलेला मुलगा परत येईल गं," बाबा म्हणाले होते, "पण जावई म्हणून येईल याची हमी कोण देणार?" नुसत्या सह्यांचं लग्न दोन्ही घरांना चालणार नव्हतं. आईवेगळ्या तन्मयला आत्यांनी वाढवलं होतं. त्यांच्या मांडवाखालून अर्ध्या तालुक्याची लग्नं गेली होती, आणि स्वतःचं म्हणावं असं हे एकच पोर. ते मुहूर्ताशिवाय? शक्य नाही.

मी मुहूर्त मानत नव्हते. तेवीस असो नाहीतर बत्तीस, माझी हरकत नव्हती.

पेढे वाटले गेले. मी पेढा खात फळ्याकडे बघत राहिले. भर मे महिना, मुहूर्ताचा दिवस, आणि कराडातलं इतकं चालतं कार्यालय मोकळं कसं?

"नशीब," आई म्हणाली.

"पोरीचा पायगुण," अण्णा म्हणाले.

माझा धंदा असा होता की काही नशिबाने चालायला लागलं की मला भीती वाटायची.


कागद

प्रेसच्या संगणकावर मी चिकटवलेला कागद, जसाच्या तसा:

या मशीनवर दोन पायथन आहेत, जुना आणि नवा. त्यांचं एकमेकांशी पटत नाही.
कॅलेंडरचं काम जुन्यात चालतं. पत्रिकांचं काम नव्यात चालतं.
प्रत्येक फोल्डरमध्ये एक छोटी फाईल आहे. तिच्यात एकच ओळ आहे: इथे कुठला पायथन लागतो. मशीन ती ओळ वाचून योग्य तो घेतं.
त्या ओळीला हात लावू नये.
शलाका

त्याच्या खाली अण्णांच्या अक्षरात:

चहाचा कप मशीनवर ठेवू नये.


ओळ

पायथन ही संगणकाला काम सांगायची भाषा. जोगसर नावाच्या पॉलिटेक्निकच्या मास्तरांनी फार पूर्वी त्या भाषेत अण्णांना कॅलेंडरचा प्रोग्रॅम लिहून दिला होता आणि मग ते मुलीकडे बंगळूरला राहायला गेले. भाषा बदलली, प्रोग्रॅम तसाच राहिला. त्याला जुनाच पायथन लागायचा. मी लिहिलेल्या पत्रिकांच्या प्रोग्रॅमला नवा. एकाच मशीनवर दोघे सुखाने नांदावेत म्हणून मी ती ओळीची व्यवस्था केली होती, आणि अण्णांना समजावली होती त्यांच्याच भाषेत: लाल छापून झाल्यावर निळ्याला घ्यायचं तर आधी रोलर धुता ना? तसं. फक्त इथे प्रत्येक कामाचा रोलर वेगळा.

"झकास," अण्णा म्हणाले होते. त्यांना ते फारच चांगलं समजलं होतं, हे मला उशिरा कळलं.

पेढ्यांच्या दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडरचा फोल्डर उघडला. ओळ बदललेली होती.

"अण्णा, कॅलेंडरच्या फोल्डरमधली ओळ कुणी बदलली?"

अण्णा कटिंग मशीनवर वाकले होते. "ती व्हय? मी."

"का?"

"का म्हंजे? तूच सांगितलंस की. एक ओळ बदलली की दुसरा पायथन. रोलर पण धुवाय नको. मला लई आवडलं ते."

"कागदावर लिहिलंय ना, हात लावू नये म्हणून?"

"खाली मीबी लिवलंय, कप ठेवू नये. तू ठेवतीस का न्हाईस?"

मी मशीनवरचा कप उचलला.

"तू टायफॉइडनं घरी पडलीस," अण्णा हात पुसत आले. "दिवाळी तोंडावर. म्हटलं, मशीनमधी नवा पायथन असताना नव्या सालाचं कॅलेंडर जुन्यात का काढायचं? कुणी ऐकलं तर काय म्हणंल? ओळ बदलली, तर ते चालंचना. तेवढ्यात तुझा ह्यो आला, आत्यांच्या कार्यालयाची जाहिरात घेऊन."

"कोण, तन्मय?"

"त्यानं बघितलं, चार ठिकाणी कंस घातले. चाललं! मग मी काय केलं, दोन्हीत काढून बघितलं. एक जुन्यातलं, एक नव्यातलं, शेजारी शेजारी मांडलं. सण तेच. एकादश्या त्याच, त्या तर मी दरसाली हातानं तपासतोच. फरक एकाच ठिकाणी." अण्णांनी आवाज खाली आणला, जणू घरातलीच एखादी गोष्ट सांगतायत. "नव्यात लग्नं जास्त निघतात."

मी खुर्चीवर बसले आणि प्रोग्रॅममधली ती जागा शोधून काढली. जुन्या पायथनमध्ये सात भागिले दोन म्हणजे तीन. वरचा अर्धा तो टाकून देतो. नव्यात साडेतीन. नवा हिशोबाला जास्त प्रामाणिक, पण जोगसरांनी पुढचं सगळं जुन्याच्या भरवशावर लिहिलं होतं. पुढच्या ओळीत त्या साडेतीनचे पूर्ण चार होत होते. चंद्र अजून एका नक्षत्राच्या उंबऱ्यात असताना नवा पायथन त्याला पुढच्या घरात नेऊन बसवत होता. ज्या दिवशी मुहूर्त नाही त्या दिवशी मुहूर्त निघत होता.

जुन्यात चालवून पाहिलं. एकवीस मे होता. तेवीस मे नव्हता.

"अण्णा, हे जास्त नाहीत. हे चुकलेत."

"चुकले कशानं? मशीननं काढलेत."

"आणि नव्यात काही खरे मुहूर्त गळालेसुद्धा असतील."

"गळाले की. ते मी जुन्यातनं उचलून घातले. कुणाचं नुकसान नको."

मी पडद्यावरची जुनी यादी पुन्हा वरून खाली वाचली.

"अगं, कॅलेंडरच्या पाठीमागं जाहिराती कुणाच्या असतात?" अण्णांनी समजुतीच्या सुरात विचारलं. "कार्यालयवाले, आचारी, बँड, घोडेवाला. एवढ्या माणसांना चार दिवस जास्त मिळाले तर तुझ्या पायथनच्या पोटात का दुखतंय?"

"शुद्धिपत्र काढा."

"काढतो. आणि मार्चात ज्यांची लागली त्यांचं काय करू? घरोघर जाऊन सांगू, अक्षता परत द्या म्हणून?"


घाट

तन्मय हा प्रसंग अजूनही असा सांगतो: "संगमावर आम्ही भेळ खाल्ली. शलाका जरा चिडली होती. मग शांत झाली."

माझ्याकडे तो थोडा मोठा आहे.

"तू कंस घातलेस?"

"कसले?"

"अण्णांच्या कॅलेंडरमध्ये."

"हां, ते. घातले. नव्यात छापायच्या ओळीला कंस लागतात, तुला माहितीये."

"आणि भागाकार?"

"भागाकाराला कुठे कंस लागतात?"

"तन्मय, तेवीस मे खोटा आहे."

तो भेळ चावत राहिला. भेळ चावायला एवढा वेळ लागत नाही.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय?"

"अण्णांनी मला दोन्ही याद्या दाखवल्या होत्या. तेवीस फक्त नव्यात होता. म्हणून तर बोट दाबून धरलं."

"मुद्दाम?"

"मग काय करू? खऱ्या मुहूर्तांना कार्यालय भरलेलं. आत्या गिऱ्हाईक उठवणार नाही, माझ्यासाठीसुद्धा नाही. दुसरीकडे कुठे जागा नाही. खोट्याला मोकळं. मग खोटा. चालतंय की."

"चालतंय?"

"तू कुठे मुहूर्त मानतेस?"

"नाही मानत."

"मग?"

"मुहूर्त मानत नाही. भागाकार मानते."

त्याने भेळेचा कागद चुरगाळला. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात ती जागा आमच्यापुढे होती; तो तिकडे बघत होता, बहुतेक माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.

"आत्यांना सांगायला हवं," मी म्हणाले.

"सांग. आत्या तारीख मोडेल. दुसरी मिळणार नाही. मी एकटा जाईन. आणि तू विट्याला सरांशी लग्न कर आणि त्यांना भागाकार शिकव."

"बास झालं."

"तुझ्याशी लग्न करणं फार अवघड आहे, शलाका."

हे त्याने कुठलीही आकडेमोड न करता सांगितलं, आणि ते बरोबर निघालं.


वर

प्रमिलाआत्या कार्यालयाच्या ओसरीवर बसून घमेल्यात अक्षता रंगवत होत्या. कोपरापर्यंत हात लाल. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. दोन पायथन, एक ओळ, कंस. तन्मयला माहीत होतं तेवढं मात्र गाळलं.

"म्हणजे बघा, सात भागिले दोन केले की..."

"मला भागाकार येतो," आत्या म्हणाल्या. "पाचशे पानांच्या किती पंगती बसतात ते मी उभ्या उभ्या सांगते. पुढचं बोल."

"पुढचं एवढंच, की तेवीस मेला मुहूर्त नाही."

"नाहीच आहे."

त्यांनी तांदूळ खालीवर केले. मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"चल वर," त्या म्हणाल्या.

कार्यालयाच्या माडीवर त्या राहायच्या. मी तोवर कधी वर गेले नव्हते. देवघराशेजारी भिंतीवर एक कॅलेंडर टांगलेलं होतं. आमचं नव्हे. दुसऱ्याच कुणाचं, साधं, चित्राशिवायचं, त्यांच्या उपासांच्या दिवसांभोवती लाल पेन्सिलीची वर्तुळं.

"ते खालचं, ते कार्यालयाचं," आत्या म्हणाल्या. "हे माझं. मी उपास ह्याच्यावर करते."

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"तुम्ही पेढे खात होतात तेव्हा. वर येऊन बघून गेले."

"मग 'धरा' का म्हणालात?"

"मोकळं होतं म्हणून. मांडव, जेवण, आहेर, फोटो, ह्याला कार्यालय लागतं. लग्नाला कुठे लागतं?" कुंकवाचं बोट त्यांनी कॅलेंडरजवळ नेलं, पण टेकवलं नाही. "लग्न एकवीसला. इथे, देवासमोर. गुरुजींशी बोलणं झालंय. तुझे आईबाबा तयारी बघायला म्हणून येतील. आणि तेवीसला खाली, लोकांचं."

"दोनदा लग्न?"

"दोनदा कशाला? लग्न एकदाच. दुसरं छापलंय म्हणून."

मी भिंतीला टेकले. काल दुपारपासून जी गोष्ट माझ्या छातीवर बसली होती, ती ह्या बाईने दोन तारखांत वाटून टाकली होती.

"आणि बाकीचे?" मी विचारलं. "खोट्या तारखांना जे तुमचं कार्यालय घेतायत ते?"

"ते माझ्याकडे कार्यालय मागायला येतात. मुहूर्त मागायला नाही."

"पण तुम्हाला माहितीये ना."

"विचारलं तर सांगेन की. अजून कुणी विचारलं नाही." मग जिन्याकडे वळत, "तू विचारलंस. पहिलीच."

हे कौतुक होतं की तक्रार, मला आजवर कळलेलं नाही.

खाली आल्यावर त्यांनी घमेलं माझ्या हातात दिलं. "हे त्या कोठीत ठेव. ह्या खालच्या अक्षता. वरच्या मी वेगळ्या ठेवल्यात. मिसळू नकोस."


पत्रिका

पत्रिका अण्णांच्या प्रेसमध्येच, माझ्याच प्रोग्रॅममध्ये, नव्या पायथनवर.

पहिलं प्रूफ: "...दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे या शुभमुहूर्तावर करण्याचे योजिले आहे."

दुसरं प्रूफ, मी केलेलं: "...दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी करण्याचे योजिले आहे."

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला. "हे काय? लगीन हाय का एसटी हाय?"

"वेळ दिलीये ना."

"शुभमुहूर्त कुठाय?"

"ते तुम्हीच सांगा, अण्णा, कुठाय ते."

तिसरं प्रूफ, अण्णांनी केलेलं, पहिल्यासारखंच. फक्त 'शुभमुहूर्तावर' हा शब्द थोडा मोठा आणि सोनेरी.


एकवीस

एकवीस मे हा खरा मुहूर्त होता, म्हणून कार्यालय भरलेलं होतं. खाली घोरपड्यांच्या मुलीचं लग्न. वर आमचं.

देवघरासमोर दोन पाट. आई, बाबा, आत्या, गुरुजी, आणि आम्ही. मी साधी नारायणपेठ नेसले होते. शालू परवासाठी राखून ठेवला होता. बाबा मधूनमधून जिन्याकडे बघत होते, कुणी वर आलं तर काय सांगायचं ह्या काळजीत. खोटं लग्न लपवावं तसं आम्ही खरं लग्न लपवत होतो.

गुरुजींचा घसा बसला होता. सीझन. अंतरपाट धरला आणि त्यांनी तोंड उघडलं, तोच खालचा लाऊडस्पीकर सुरू झाला. मुहूर्त खरा म्हणजे वेळही एकच. घोरपड्यांच्या मंगलाष्टका फरशीतून वर येऊ लागल्या. गुरुजींनी दोन ओळी प्रयत्न केला. मग हात जोडले आणि आत्यांकडे बघितलं.

"चालू द्या," आत्या म्हणाल्या. "मंत्र तेच आहेत."

घोरपड्यांच्या मामाने एक मंगलाष्टक रडत म्हटलं. बाबांचेही डोळे भरून आले. आम्ही सगळे शेवटच्या सावधानची वाट बघत उभे होतो. खालून ते आलं, गुरुजींनी अंतरपाट खाली घेतला, खाली बँड सुरू झाला.

तन्मयने हार पुढे केला. त्याचे हात कापत होते. मला वाटलं, हार जड असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि काहीही बोलला नाही. एक विनोद नाही, एक शब्द नाही. हा मुलगा एरवी तोंडात घास असतानासुद्धा काहीतरी बोलतो.

आत्यांनी वरच्या अक्षता टाकल्या, देवाला हात जोडले, पदराने डोळे टिपले आणि तडक जिना उतरल्या. खाली मठ्ठा कमी पडला होता.


तेवीस

शालू. घोडा. अर्धा तालुका. बाबा आता मोकळेपणाने सगळ्यांना हात जोडत होते.

मुहूर्त गाठायला सगळ्यांची धावपळ चालली होती. "बारा सदतीस! बारा सदतीस!" अण्णा घड्याळाला बोट लावून मांडवभर फिरत होते. जो मुहूर्त त्यांनी स्वतः एका ओळीने बनवला होता तो चुकू नये म्हणून त्यांना घाम फुटला होता. बरोबर त्या मिनिटाला मी अंतरपाटाच्या कडेने पाहिलं, तर अण्णांनी डोळे मिटून हात जोडलेले. ढोंग नव्हतं. ढोंग असतं तर एक डोळा किलकिला असता.

मी पाठ ताठ करून उभी होते. मनात एकच: हे सगळं अर्ध्या आकड्यावर उभं आहे.

तेवढ्यात अंतरपाटापलीकडून तन्मय अगदी हळू म्हणाला, "सात भागिले दोन?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं.

"सांग ना. सात भागिले दोन?"

"चार," मी म्हणाले.

आणि मला हसू फुटलं. साधं नव्हे. खांदे हलायला लागले, मुंडावळ्या नाकावर आल्या, गुरुजी थांबले, मागून मामीने चिमटा काढला, आणि पलीकडे तोही हसतोय हे अंतरपाट थरथरत होता त्यावरून कळलं. फोटोवाल्याने नेमका तोच फोटो काढला. नवरी तोंड उघडून हसतेय, डोळ्यांत पाणी, आणि खालून वरून सगळीकडून लाल तांदूळ.

लग्नाचा दाखला पत्रिकेवरून निघाला. तेवीस मे. मी त्याच्या मागोमाग म्युनिकला गेले.


तारीख

आता आम्ही पुण्यात असतो. परत येऊनही बरीच वर्षं झाली. प्रमिलाआत्या गेल्या. अण्णांचं कॅलेंडर अजून येतं. मुहूर्त त्यात भरपूर असतात.

मोठं असं काही घडलं नाही. दोन माणसं एका घरात वेगवेगळ्या वेळी जेवायला लागतात, मग वेगवेगळ्या खोल्यांत झोपायला, मग सुट्ट्या वेगळ्या घ्यायला, आणि मग एक दिवस त्यांच्यातलं कुणीतरी वकिलाचा नंबर आणतं. आणला मी. फोन त्याने लावला.

वकीलबाई तरुण होत्या, कामाला चोख. नावं लिहिली, पत्ता लिहिला.

"लग्नाची तारीख?"

"एकवीस मे," तन्मय म्हणाला.

"तेवीस मे," मी म्हणाले.

एकदमच.

त्यांनी पेन वर उचललं. "दाखल्यावर काय आहे?"

"तेवीस," तन्मय म्हणाला. "पण ती खरी नाही. लग्न एकवीसला झालं. वर."

"वर म्हणजे?"

"आत्यांच्या माडीवर. देवासमोर."

"दाखल्यावर तेवीस आहे ना, मग तेवीस लिहा," मी वकीलबाईंना म्हणाले. "चालतंय की."

तन्मय खुर्चीत वळला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे असं पाहिल्याला किती काळ झाला होता ते मी सांगू शकत नाही.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, चालतंय."

"कसं चालेल? त्या दिवशी मुहूर्तच नव्हता. तूच तर सांगितलंस. घाटावर. भागाकार चुकलाय म्हणून."

"चुकला असेल. माझं लग्न त्याच दिवशी झालं. त्या दिवशी तू मला हसवलंस."

"आणि एकवीसला माझे हात कापत होते, ते?"

"हार जड होता म्हणून ना?"

"हार?" तन्मय म्हणाला. "शेवंतीचा होता. त्यात काय वजन असणार?"

वकीलबाई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. समोरच्या अर्जात तारखेची जागा कोरीच होती.

"हे बघा," त्या शेवटी म्हणाल्या, "संमतीचा अर्ज दोघांचा मिळून असतो. त्यात तारीख एकच लागते, आणि ती दोघांना मान्य असावी लागते. तुम्ही असं करा, खाली जा, चहा घ्या, आपसात काय ते ठरवा आणि परत या."

आम्ही खाली आलो. चहा घेतला. तो एकवीसवरून हलायला तयार नव्हता, मी तेवीसवरून. बोलता बोलता दुसरा चहा झाला. मग टपरीवाल्याला बाकडं आत घ्यायचं होतं म्हणून उठलो, आणि वाद तसाच घरी घेऊन आलो.

आम्ही अजून ठरवतो आहोत.